लिफ्टबाबत अर्ज

आत्या बरी झाली. पण हे अजून घडलेलंच नाही, कारण नव्या औषधाची चाचणी संपायला चार महिने आहेत आणि तोवर कुणी काही बोलायचं नाही, असा नियम आहे.

फुफ्फुसांच्या सुजेमुळे बारा वर्षं तिला दोन पायऱ्याही चढवत नव्हत्या. औषध म्हणजे जंतू मारायची ताकद काढून घेतलेलं अँटिबायोटिक. काम एकच, सूज उतरवणं.

"दात पाडलेला वाघ कसली शिकार करणार?" आत्याने पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना टोमणा मारला होता.

आज दवाखान्याची लिफ्ट बंद पडली. आत्या चार मजले न थांबता चढली, तेही वॉचमनशी भांडत.

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसत विचारलं, "काही विशेष?"

"छे," म्हणत आत्याने कागद मागितला आणि लिहिलं, "सदर लिफ्ट कधीही दुरुस्त करू नये, ही नम्र विनंती."