तोंडावरचं फडकं

झूमध्ये कीपरचं काम शिकणाऱ्या जयश्रीला मुख्य कीपर विठ्ठलकाकांनी बजावलं, "पाणमांजराचं पिल्लू वाढल्यावर नदीत सोडायचंय. तोंडाला फडकं बांधून मुकाट्याने मासे द्यायचे. माणसाची सवय लागायला नको." पण लिंबायतच्या यंत्रमाग वस्तीत, लूमच्या खडखडाटात वाढलेल्या पोरीला गप्प राहणं कुठलं जमायला! पिल्लू रडलं की फडकं खाली ओढून म्हणायची, "ये वं मन्ही माय, खाय!" तापीकाठी सोडल्यावर ते पाण्यात शिरलंही, पण काठावरच्या मासेमाराने कोणाला तरी हाक मारताच वळून त्याच्याच पायांशी आलं. काका हताशपणे म्हणाले, "हे आता जन्मभर पिंजऱ्यातच. कोण बोललं याच्याशी?" तेव्हा मात्र जयश्री गप्प राहिली. पुढे तिला तिथेच नोकरी लागली, वाट्याला आला तोच पिंजरा. तिने डोळ्यांपर्यंत फडकं ओढून मुकाट्याने मासे आत सरकवले. मासे सोडून पिल्लू जाळीला बिलगून तिलाच हाका मारू लागलं.