डमी

नामवंत गायिकाबाई स्टुडिओत येण्याआधी गाणं गाऊन ठेवायचं, म्हणजे बाईंना चाल कळते, एवढंच तिचं काम. आवाज हुबेहूब बाईंसारखा, म्हणून सगळे तिला 'डमी'च म्हणायचे. त्या दिवशी घशात खवखव होती. दुसऱ्या कडव्यात खोकला दाबताना तिचा आवाज चांगलाच कापला.

"राहू दे गं," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "बाई येऊन गाणारच आहेत."

बाई आल्या. हेडफोन लावून, डोळे मिटून त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"छान गायलेय की मी. आता परत कशाला?" असं म्हणून त्या आल्या पावली निघूनही गेल्या. त्यांना खरं सांगायची कोणाची बिशाद होती?

गाणं बाईंच्या नावावर तुफान गाजलं. पुढे घरी पाहुण्यांनी आग्रह केला, तेव्हा डमीने तेच गाणं म्हटलं. या वेळी घसा अगदी साफ होता.

सासूबाईंनी नाक मुरडलं.



"आवाज सारखा असून काय उपयोग? दुसऱ्या कडव्यात बाई कशा गहिवरतात, ते ऐक जरा. त्याला तपश्चर्या लागते."