कूम हेलिगचं चर्च

"माझ्या मागोमाग या, आणि त्या तिसऱ्या दगडावर पाय देऊ नका," एमरिस म्हणाला, आणि पंचाहत्तरीचा तो माणूस ओढ्यातल्या दगडांवरून टणाटण उड्या मारत पलीकडे पोचलासुद्धा.

मार्जरी पेलम जपून गेली. ती बिशपच्या कचेरीतून आली होती. नियम सरळ होता. नेमाने येणारी बारा माणसं असतील तर चर्च चालू ठेवायचं, नसतील तर कुलूप ठोकायचं. या वर्षात तिने अशी सात कुलपं ठोकली होती आणि आठव्याचा कागद पिशवीत होता. कूम हेलिगच्या दरीत मोटार जात नव्हती, म्हणून गावाने एमरिसला तिला आणायला धाडलं होतं.

निघताना तिने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. रविवारची सकाळ, वर दोन मैलांची तंगडतोड. पण वाट वळली तशा आठ्या कुठल्या कुठे गेल्या. दोन्ही अंगांनी रानलसूण फुलला होता, त्याचा वास नाकात भरत होता. पलीकडच्या उतारावर कोकरं आयांना ढुशा देत होती. वेल्समध्ये ती वीस वर्षं राहिली होती, पण इतकी निवांत जागा तिने पाहिली नव्हती.

वाटेत एक चौकोनी, करड्या रंगाची इमारत लागली. दार बंद होतं.

"हे चॅपेल ना?" तिने विचारलं. "रविवारी बंद?"

"आज बंद आहे."

"त्यांच्यातली दहा-बारा माणसं वर चर्चमध्ये आली असती, तर मला यावंच लागलं नसतं."

एमरिस खो खो हसला. "चॅपेलवाले? बाई, गारपीट झाली तरी ते चर्चच्या वळचणीला उभे राहायचे नाहीत. इथे माणूस जन्मतो तोच चर्चचा नाहीतर चॅपेलचा. यांच्या पणजोबांनी बिशपशी भांडून वेगळी चूल मांडली, ती मांडलीच."

मार्जरीही हसली. असली भांडणं तिने प्रत्येक दरीत पाहिली होती.

मग तो चर्चबद्दल बोलू लागला आणि बोलतच राहिला. आठशे वर्षांच्या भिंती, आणि त्या बांधणाऱ्यांनी दगड पाठीवरून वर नेले. सकाळचं ऊन आधी घंटेवर येतं, मग छपरावर उतरतं. बर्फ पडलं की अख्ख्या दरीत तेवढंच एक काळं दिसतं. आतल्या, ओकच्या लाकडात कोरलेल्या पडद्याचं तिने विचारलं, तेव्हा मात्र तो म्हणाला, "ते तुम्हीच बघा. मी सांगून काय उपयोग?"

"आणि ते बंद झालं तर?"

एमरिस थांबला. "सकाळी दार उघडलं की मला समोर ते दिसतं. कुलूप लागलं की दोन हिवाळ्यांत छप्पर बसेल. मग मी दार कशाला उघडू?"

सातही गावांत लोक तिच्याशी तावातावाने भांडले होते, पण असं कुणी बोललं नव्हतं.

चर्च दिसलं तेव्हा तिचे पाय आपोआप थांबले. बुटकं, जरासं कललेलं, यू वृक्षांच्या सावलीत ते असं बसलं होतं की डोंगराबरोबरच उगवलं असावं. फाटकापाशी एमरिसने टोपी काढली, ती हातात दोनदा फिरवली आणि मग तिच्या मागून आत शिरला.

आत माणसं होती. बारा नव्हे, तेवीस. सगळी काळ्या कपड्यांत, केस चापून बसवलेली, आणि पहिल्या बाकावर एक म्हातारी एकटीच. समोर तो पडदा होता. लाकडाची नुसती जाळी, तिच्यात वेली, पाखरं, एक हसरा ड्रॅगन. मार्जरीने शेजारी पाहिलं. एमरिस तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. रोजचं बघूनही ज्याची अशी गत होते, त्याच्या भक्तीचं तिला मनापासून कौतुक वाटलं.

पाच गावांना मिळून एकच पाद्री होता. तो महिन्यातून एकदा धावतपळत यायचा. आज तो दारातच गडबडला, एवढी माणसं पाहून की तिला पाहून, कोण जाणे. लोकांचीही पुस्तकातली पानं सापडेनात, गुडघे टेकायच्या वेळी निम्मे उभेच राहिले. बिचारे माझ्यामुळे बावरलेत, असं तिला वाटलं. पण स्तोत्र सुरू झालं आणि ती थक्क झाली. चार सुरांत, पुस्तकाशिवाय, दगड हलतील असं गाणं. कुठल्याही चर्चमध्ये तिने असं ऐकलं नव्हतं.

शेवटच्या बाकावर बसून तिने कागद काढला. 'चालू ठेवावे' असं लिहिलं, सही केली आणि लगेच पाकीट चिकटवून पाद्रीच्या हाती दिलं. त्याच्या वाटेवरच बिशपची कचेरी होती. तो पुढच्या गावी पळाला.

एमरिसच्या बायकोने, ब्लॉडवेनने, तिला घरी चहाला नेलं. पहिल्या बाकावर एकटीच बसलेली म्हातारी ती हीच. एमरिस मागे राहून लोकांशी हात मिळवत होता. ब्लॉडवेनने मनुकांच्या पावाला लोणी लावून पुढे केलं, तेव्हा मार्जरीने तिला गोड बातमी दिली. चर्च राहणार. इतक्या श्रद्धेची माणसं आपण कुठे पाहिली नाहीत, असंही म्हणाली.

म्हातारीने सुरी खाली ठेवली आणि एप्रनच्या टोकाने डोळे टिपले.

"देव तुझं भलं करो, पोरी," ती म्हणाली. "पण आमच्या चर्चची मी एकटीच गं. ती सगळी चॅपेलची, आणि एमरिस त्यांचा मुख्य. आमचं लग्नसुद्धा सरकारी कचेरीत लागलं. एक्कावन्न वर्षं तो मला फाटकापर्यंत सोडतो आणि पावसात बाहेर उभा राहतो. आज पहिल्यांदा आत आला."