दोरी ओवलेली चादर

नागव्वा जुन्या सोलापुरी चादरीवर कडक भाकरी मांडून बसायची. चादरीच्या काठातून दोरी ओवलेली. अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की एकच हिसका, गाठोडं डोक्यावर आणि नागव्वा बोळात गडप. बावीस वर्षांत तिची एकही भाकरी त्यांच्या हाती लागली नव्हती. आज परवान्याच्या खिडकीवर कारकून म्हणाला, "मावशी, यादीत नाव नाही तुमचं. फेरीवाल्यांची नोंद करायला आलो, तेव्हा तुमची जागा रिकामी होती." "कशातनं आलता?" "अतिक्रमणाच्याच गाडीतनं. दुसरी आहे कुठं?" "मग मानूस पळंल न्हाय तर काय करंल?" शेजारी बसणाऱ्या, पायानं अधू भीमाला त्या दिवशी पळता आलं नव्हतं, त्याला तेवढा परवाना मिळाला. नागव्वानं जागेवर येऊन चादर अंथरली. कोपऱ्यावर तीच गाडी वळली. आज मेलं तरी हलायचं न्हाय, असं तिनं ठरवलं, पण तोवर हातानं दोरी ओढलीसुद्धा होती.