दाताच्या रंगाचं सिमेंट

रोह्याच्या दातांच्या दवाखान्यात बाकावर मैना बसलेली दिसली आणि चंद्रावतीचा पाय उंबऱ्यातच अडला. गावातलं कुणी भेटू नये म्हणून तर ती पेण सोडून, वडखळला एसटी बदलून एवढ्या लांब आली होती. आणि इथे थेट शेजारीणच, गालाला पदर दाबून!

“काकी, तू गो इथं?” मैना दचकली.

“बहिणीकडं आलेली. म्हटलं, जरा दाखवावं. नि तू?”

“माजी अक्कलदाढ गो. जितेशनं भरलेला दात ठणठणीत हाय हां!” कुणी न विचारताच मैनानं सांगून टाकलं.

जितेश म्हणजे चंद्रावतीचा लेक. आईबापांनी मिठागरात राबून दातांचा डॉक्टर केलेला. चौऱ्याण्णव साली त्यानं पेणला दवाखाना थाटला, तेव्हा पहिला दात आईचाच भरला. काळपट चांदीचं नव्हे, दाताच्या रंगाचं सिमेंट, निळ्या दिव्यानं कडक करायचं. चंद्रावतीला कोण कौतुक! हळद असो की बारसं, बाई ओठ बोटानं वर करून विचारायची, “वळख बघू, खरा कंचा नि भरलेला कंचा?” अर्धं गाव तिनं असं तोंड उघडून लेकाकडे धाडलं होतं.

आता त्याच सिमेंटच्या कडेनं काळी रेघ उमटली होती. गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात जायची. पण लेकाला सांगणार कसं? आईच्या तोंडातलं कामसुद्धा टिकलं नाही म्हटल्यावर पोरगं हाय खाईल, आणि गावात कळलं तर दवाखान्याला टाळंच लागेल. अख्खा पावसाळा ती एका बाजूनं जेवली होती.

मैनाला आत बोलावलं. मध्ये नुसता पडदा होता, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

“अक्कलदाढ चांगली आहे बाई,” म्हातारे डॉक्टर म्हणाले. “किडलाय तो भरलेला दात. सिमेंट तसंच आहे, कडेनं कीड पार आत गेलीय. काढावाच लागेल. कुणी भरला होता?”

मैना म्हणाली, “मुंबईला.”

मैनानं जन्मात मुंबई पाहिली नव्हती. बाहेर चंद्रावतीला भडभडून आलं.

मैना बोळा दाबून बाहेर आली. बोलता येत नव्हतं. तिनं काकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकावर बसून राहिली.

चंद्रावती खुर्चीत बसली. डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा घातला आणि मान हलवली.

“कमाल आहे. पेणकडची तुम्ही सगळी माणसं मुंबईलाच दात भरता का हो? येईल तो मुंबईचं नाव सांगतो, आणि काम तर एकाच हाताचं दिसतंय. ओल सुकायच्या आत सिमेंट भरलंय. कोणी नवीन पोरगा असेल, घाई करतो. त्याला कुणी सांगत कसं नाही?”

म्हणजे एकटी मैना नव्हती. गावातली माणसं एकेक करून, गुपचूप, याच खुर्चीत बसून गेली होती. दात देऊन गेली, पण जितेशचं नाव कुणी घेतलं नाही. चंद्रावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं डॉक्टरांचा हात बाजूला केला.

“मुंबईला नाय डाक्टर. पेणला. माज्या लेकानं भरला.”

डॉक्टर ओशाळले. “असं होय. अहो, पण तुमचा दात अजून वाचेल. कीड काढून पुन्हा भरून देतो. त्याला काही कळणारसुद्धा नाही.”

“नको.” तिनं डोळे पुसले. “तोंडानं त्याला सांगायला माज्यानं व्हायचं नाय. तुमी दात काढा, नि कागदात बांधून द्या.”