कापडावरची सावली

बारामतीच्या बाजारात त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मी सावल्यांचा खेळ मांडला होता. पांढऱ्या कापडामागे गॅसबत्ती होती. एकेकाने दोन्हींच्या मध्ये उभं राहायचं आणि समोरच्या गर्दीने सावलीवरून माणूस ओळखायचा.

जयवंता औषधाची बाटली घेऊन घरी निघाली होती; बायकांनी तिला हसत आत ढकललं. ती म्हणत होती, "सोडा की गं, पोरगं तापानं फणफणलंय घरी."

ती उभी राहताच समोरून ओरडा झाला, "जयवंता! आन् कडंवर तिचं पोरगं, झुंबर!"

मी पाहिलं. सावलीच्या कडेवर मूल होतं. जयवंताजवळ फक्त बाटली होती.

"दादा, ही कसली थट्टा? त्याला सासूपाशी ठिवून आले मी."

मी बत्ती तपासली, कापड तपासलं. तेवढ्यात सावलीतलं मूल खाली उतरलं आणि चालू लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याची सावली मोठी होत होती. म्हणजे ते बत्तीकडे येत होतं.

"झुंबर, हिकडं ये बाळा," रिकाम्या जागेकडे हात पसरून जयवंता म्हणाली.

पाहता पाहता सगळं कापड काळं झालं. समोरून कुणीतरी विचारलं, "काय ओ, बत्ती इझली का?"

बत्ती माझ्याशेजारी लख्ख जळत होती.