सात नंबर गप्प आहे

सागर-संशोधक आईचे बारा सेन्सर समुद्राच्या तळाशी बसून वर तरंगणाऱ्या बोयाला निरोप द्यायचे आणि बोया ते इंटरनेटवरून आईच्या फोनवर पोचवायचा. एखादा गप्प झाला, की आई हातातला घास टाकून बोटीकडे धावायची. लेकीचा नुसता जळफळाट व्हायचा. आज तिची धावण्याची शर्यत, आणि नेमका सात नंबर गप्प! आई गेलीच. लेकीने फणकाऱ्याने आपला फोन बंद करून टाकला.

शर्यत सुरू व्हायच्या आत आई मैदानात हजर, अंगात लाइफ जॅकेट तसंच.

"बोलला का तुझा लाडका?" लेकीने नाक मुरडलं.

"कुठलं! पोचलेच नाही त्याच्यापर्यंत," आई धापा टाकत म्हणाली. "तू गप्प झालीस ना, अर्ध्यातूनच बोट वळवली."